जामीन मंजूर होऊनही आत असलेल्यांची यादी मागवा

महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी वकिली करते. एकोणीस वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर आहे, म्हणजे ज्यांना वकील लावायला पैसे नाहीत त्यांची कामं माझ्याकडे येतात. महिन्यातून दोनदा जेलमध्ये जाऊन बंद्यांना भेटावं लागतं. तिथे दिसतं ते तुमच्यापर्यंत पोचत नसावं. पोचत असतं, तर गुन्हेगारीवरच्या चर्चेत प्रत्येक अधिवेशनात त्याच दोन मागण्या ऐकू आल्या नसत्या: शिक्षा वाढवा आणि तुरुंग वाढवा.

एका मुलाची गोष्ट सांगते. वय एकोणीस, गावाबाहेरच्या पारधी वस्तीवर राहणारा. हरभऱ्याला पहिलं पाणी द्यायच्या दिवसांत एका बाईच्या शेतातल्या बोअरची केबल चोरीला गेली आणि तिसऱ्या दिवशी पोलिसांनी याला उचललं. केबल त्याच्याकडे सापडली, असं पंचनामा म्हणतो. त्याच पंचनाम्यात तिची किंमत सहा हजार पाचशे रुपये लिहिलेली आहे. हा आकडा कृपया लक्षात ठेवा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एक चांगली तरतूद आहे. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत मिळाली असेल, तर शिक्षा कैदेची नाही, सामुदायिक सेवेची. अशा चोरीत पोलिसांना परस्पर अटकही करता येत नाही. जिची केबल गेली ती बाई मला म्हणाली होती की केबल चार वर्षांची जुनी होती, दोन ठिकाणी जोड दिलेली. तिची किंमत सहा हजार पाचशे कुणी आणि कशावरून ठरवली, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

मुलाला बाराव्या दिवशी जामीन मिळाला. पंधरा हजारांचा, एका ऐपतदार स्थानिक जामीनदारासह. आणि तो आत राहिला सात महिने चार दिवस.

यात विरोधाभास वाटत असेल तर आपण कोर्टाच्या आवारात एक सकाळ येऊन बसा. जामीन मंजूर होणं वेगळं आणि जामीन होणं वेगळं. जामीनदाराला सातबारा लागतो, नाहीतर घराचा उतारा आणि घरपट्टीची पावती. त्यावर तहसीलचा ऐपतीचा दाखला, आधार, रेशनकार्ड, फोटो, प्रतिज्ञापत्र. ज्या वस्तीच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जिथे अर्ध्या लोकांना जातीचा दाखला काढायला आजोबांचा पुरावा सापडत नाही, तिथे सातबारा कुठून येणार? मुलाची आई ज्या शेतकऱ्याकडे खुरपणीला जाते, तो बिचारा तयार झाला होता. दोन दिवस रोजगार आणि भाडं मोडून आला. त्याच्या सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा निघाला आणि कागद परत आले. दुसऱ्यांदा ती गेली तेव्हा तो म्हणाला, आता नको, घरची माणसं रागावतात. आवारातल्या पिंपळाखाली उभे असतात त्या धंदेवाईक जामीनदारांपैकी एकाने सहा हजार मागितले.

मुलाची आई मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने विचारलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिते. "वकीलबाई, जज्जसायबानं सोडलंय म्हंत्यात. मग पोरगं कुठं हाय?"

त्याची फाईल माझ्याकडे आली ती सहाव्या महिन्यात. त्याआधी ती कुणाकडे होती आणि का पडून होती, हे मला ठाऊक आहे. त्यात माझ्याच बिरादरीचा दोष आहे आणि तो मी नाकारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी याबाबत स्पष्ट निर्देश दिलेले आहेत. जामिनाचा आदेश जेलला ताबडतोब पाठवायचा. सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिना उलटूनही जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करायचा. हे निर्देश जोडून मी अर्ज दिला. तीन आठवड्यांत तो जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला. केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी २०२३मध्ये आणलेली योजनाही आहे. तिच्या २०२३च्या मूळ नियमांत कच्च्या कैद्याच्या, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही त्याच्या, जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत ठेवलेली होती. म्हणजे कायदा होता, निर्देश होते, पैसाही होता. त्या मुलाचं नाव तेवढं कुणी कागदावर घेतलं नव्हतं.

आता मी आपल्याला विचारते: हे सात महिने कशाची शिक्षा होती? दोष सिद्ध झालेला नव्हता. झाला असता तरी पहिला गुन्हा आणि कोवळं वय बघून कोर्टाने त्याला १९५८च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलं असतं, अशी दाट शक्यता होती. एकवीस वर्षांखालच्या आरोपीला कैदेत पाठवायचं असेल तर कोर्टाला त्याची कारणं लिहावी लागतात, असं तो कायदाच सांगतो. म्हणजे निकालानंतर जी कैद बहुधा झालीच नसती, ती निकालाआधीच भोगून झाली.

आणि ही एकट्याची गोष्ट नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती. त्यांतली ४ लाख ३४ हजार ३०२ कच्ची कैदी. शंभरातली जवळपास शहात्तर. आपण ज्याला शिक्षेची जागा म्हणतो, तिथे शिक्षा झालेली माणसं पाव हिस्सासुद्धा नाहीत. उरलेले सगळे तारखेची वाट बघणारे. मग तुरुंगामुळे गुन्हे कमी होतात की नाही, यावर वाद घालताना आपण नेमकं कशाबद्दल बोलत असतो?

धाकाबद्दल बोलतो, असं आपल्यापैकी बरेच जण म्हणतील. धाक हवाच. मी रोज आरोपींची बाजू मांडते म्हणून मला धाक नको आहे असं समजू नका. माझ्या स्वतःच्या घरी चोरी झालेली आहे, आणि कपाटातून आईची पाटल्यांची जोडी गेली तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरलेले नाही. पण धाक कशाने बसतो? पकडले जाऊ याची खात्री असली आणि निकाल लवकर लागत असला, तर सहा महिन्यांच्या शिक्षेचाही धाक बसतो. पकडले जाण्याची खात्री नसली आणि निकालाला नऊ वर्षं लागत असली, तर फाशीचाही बसत नाही. बेक्कारिया नावाच्या इटालियन विचारवंताने हे १७६४ साली लिहून ठेवलं. गावातला कुठलाही पोलीस पाटील हेच सांगेल. तरीही संतापाची लाट आली की आपण शिक्षेचा आकडा वाढवतो. डिसेंबर २०२१मध्ये महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांबद्दलचं शक्ती विधेयक आपण एकमताने मंजूर केलंत. त्यात फाशी होती. ते कायदा झालंच नाही. झालं असतं तरी ज्या तालुक्यात न्यायवैद्यक अहवालाला वर्ष लागतं आणि सरकारी वकिलाकडे एका दिवशी पन्नास खटले असतात, तिथे त्या फाशीची भीती कुणाला वाटणार होती?

कठोर शिक्षा आणि न्याय यांत किती अंतर पडू शकतं, याचं आपल्याच राज्यातलं एक उदाहरण आहे. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. खून, बलात्कार, लूट. अत्यंत अमानुष गुन्हा. भटक्या समाजातल्या सहा मजुरांना पकडलं गेलं. २००६मध्ये नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ रोजी, सोळा वर्षं तुरुंगात काढल्यावर, त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा तपास झालाच नव्हता. राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख द्यावेत, असा आदेश झाला. सोळा वर्षांचे पाच लाख. आणि जे कुटुंब उद्ध्वस्त झालं, त्याला काय मिळालं? सहा फाश्या ऐकून आपल्याला न्याय झाला असं ज्या काळात वाटत होतं, त्या सगळ्या काळात खरे गुन्हेगार मोकळे होते. मला या निकालाची आठवण झाली की जेवण जात नाही.

पुन्हा त्या केबलकडे येते, कारण त्या बाईबद्दल सांगायचं राहिलं. विधवा आहे, तीन एकर कोरडवाहू आणि एक बोअर. केबल गेल्यावर तिचं पाणी नऊ दिवस बंद राहिलं. दुकानदाराकडून उधारीवर नवी केबल आणली. चोरीला गेलेली जुनी केबल पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून पडून आहे. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्टाला लेखी हमी देऊन, ती परत मागता येते, हे तिला कुणी सांगितलं नाही. साक्षीला ती तीनदा आली. दोनदा आरोपीला आणायला गार्ड मिळाला नाही म्हणून तारीख पडली, एकदा जेलमधून व्हिडिओवर हजेरी घ्यायची व्हीसी लागली नाही. तिसऱ्या वेळी कोर्टाच्या पायऱ्यांवर डबा सोडून बसली होती. मी आरोपीची वकील, तरी माझ्याशी बोलली. म्हणाली, "त्यो आत बसला काय अन् भाईर बसला काय, माझं हरभरं तर वाळलंच की." तिच्या मनात सूड नव्हता. तिला केबल हवी होती, झालेलं नुकसान भरून हवं होतं आणि पुन्हा असं होणार नाही याचा भरवसा हवा होता. आपल्या सगळ्या यंत्रणेने मिळून तिला यातलं एकही दिलं नाही. तिच्या नावाने एका मुलाला सात महिने पोसलं, एवढंच.

आणि त्या सात महिन्यांत तो काय शिकला?

मी ज्या बराकीत जाते तिथे रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून बदलावी लागते. हे मला बंद्यांनी सांगितलं आणि तिथल्या शिपायाने मान डोलावली. मुंबईच्या आर्थर रोड जेलची मंजूर क्षमता अनेक वर्षं ८०४ होती आणि आत तीन हजारांवर माणसं असत. आमच्याकडचं जेल लहान आहे, चित्र तेच. अशा जागी घरून मनिऑर्डर येणारा आणि न येणारा अशा दोन जाती असतात. मनिऑर्डर येणाऱ्याला कॅन्टीनमधून साबण, बिस्कीट, तेल मिळतं. न येणारा त्याचे कपडे धुतो, भांडी घासतो, त्याच्यासाठी पाण्याला नंबर लावतो. या मुलाची आई सात महिन्यांत तीनदा मुलाकतीला आली. भाड्याचे पैसे साठले की यायची. जाळीच्या अलीकडून ती ओरडून बोलायची, पलीकडून तो. बाजूला आणखी दहा जणांची तशीच ओरड. एकदा फडक्यात बांधून भाकरी आणली होती, ती गेटवर परत दिली गेली. तिला मनिऑर्डर जमली नाही. मग त्याला साबण दिला तो जबरी चोरीच्या केसमधल्या एका माणसाने. तो एक साबण या मुलाला फार महागात पडला.

सुटल्यावर पाच महिन्यांनी त्याचं नाव पुन्हा पेपरात आलं. दरोड्याची तयारी. या वेळचं वकीलपत्र माझ्याकडे नाही, त्यामुळे खऱ्याखोट्याबद्दल मी बोलणार नाही. पण त्याच्यासोबत पकडलेल्या चौघांतले दोघं त्याच बराकीतले आहेत. आधी तो गावातल्या चार पोरांशिवाय कुणाला ओळखत नव्हता.

जेलच्या कर्मचाऱ्यांवर मी दोष टाकत नाही. एका शिपायाने मला सांगितलं, "मॅडम, सुधारणा आम्ही करायची कधी? सकाळी मोजायचं, संध्याकाळी मोजायचं. आकडा जुळला की दिवस पार पडला." डबल ड्युटी करून तो माणूस डोळे चोळत उभा होता. पाटीवर सुधारगृह लिहून सुधारणा होत नाही. त्यासाठी शिक्षक लागतो, समुपदेशक लागतो, परिवीक्षा अधिकारी लागतो, डॉक्टर लागतो. देशातल्या कैद्यांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास माणसं दहावीच्या आतली किंवा अजिबात न शिकलेली आहेत. आत असलेल्या माणसाकडे दुसरं काही नसलं तरी वेळ असतो. तो वेळ आपण पुरता फुकट घालवतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर माझं म्हणणं भलतीकडे जाईल. काही माणसं आत असायला हवीत. बायकोला जाळणारा, मुलींना फसवून विकणारा, टोळी चालवणारा, पुन्हापुन्हा हिंसा करणारा, यांच्यापासून समाजाला अंतर हवं आणि ते तुरुंगानेच मिळतं. अशांच्या विरुद्ध मी फिर्यादीच्या बाजूनेही उभी राहिले आहे, आणि जन्मठेप ऐकल्यावर एका आईने माझा हात घट्ट धरला होता. त्या क्षणाची किंमत मी कमी लेखत नाही. म्हणूनच म्हणते, खऱ्या धोकादायक माणसासाठी असलेली जागा आपण केबलवाल्या पोरांनी भरून टाकली आहे. शंभरांच्या जागेत तीनशे कोंबल्यावर धोकादायक माणसावर कुणाचं लक्ष राहणार? त्याला तर आयती भरती मिळते.

या भरतीत पारध्यांचं पोर का सापडतं, हेही बोलायला हवं. १८७१च्या इंग्रजी कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, रोज हजेरी द्यावी लागे. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ला, ते कुंपण तुटलं. कागदावरचं तुटलं. आजही चोरी झाली की पहिली जीप पालावर जाते. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींच्या माणसांना सराईत गुन्हेगार समजून वागवणाऱ्या नियमांवरही बोट ठेवलं. ती याचिका मुंबईच्या एका पत्रकार बाईने केली होती. झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जात बघून ठरत होतं, तेही स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर.

मग दुसरं काही करता येतं का? येतं. आणि त्यासाठी नॉर्वेचे तुरुंग बघायला जायची गरज नाही, आटपाडीपर्यंत गेलं तरी पुरे.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी ती काढली. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडहून आलेला इंजिनिअर, जो इथे भारतानंद झाला, त्याची कल्पना यामागे होती. भिंत नाही, कुंपण नाही. शिक्षा झालेली माणसं, त्यांत खुनातलेही, बायकामुलांसह तिथे राहतात आणि शेती करतात. तिच्यावरून पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा आला, तो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला, आणि मग आपण स्वतंत्रपूरला गोष्टीतलं गाव करून टाकलं. ते गोष्टीतलं नाही, आजही चालू आहे. मी परवानगी काढून एकदा गेले होते. दुपारची वेळ होती. एक माणूस वाफ्यात पाणी वळवत होता. त्याची मुलगी शाळेतून आली आणि दप्तर बांधावर टाकून बापाजवळ जाऊन बसली. तो जन्मठेपेचा कैदी होता. मी पळून जायचा विचार येतो का असं विचारलं, तर त्याने मुलीकडे बघितलं आणि पुन्हा खोऱ्याला हात घातला. माझा प्रश्न किती वेडगळ होता, हे मला तिथेच कळलं.

आपल्या राज्यात पैठणला खुलं कारागृह आहे, येरवड्याला आहे, मोर्शीला आहे. चांगल्या वागणुकीचे पक्के कैदी तिथे शेतात काम करतात. येरवड्यातच २०२२मध्ये राज्य सहकारी बँकेने कैद्यांसाठी 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू केली. आत केलेल्या कामाच्या मजुरीवर पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याजाने, म्हणजे त्याला तिथूनच मुलीची फी भरता येते, घरचं छप्पर शाकारता येतं. काही जेलांत 'गळाभेट' होते, त्या दिवशी मुलं जाळीशिवाय बापाला भेटतात. एका गळाभेटीला मी हजर होते. चार वर्षांच्या पोराने बापाची दाढी हाताने चाचपून बघितली, कारण जाळीतून ती कधी नीट दिसलीच नव्हती. ज्या माणसाला बाहेर कुणीतरी आपलं आहे, तो परत आत यायला घाबरतो. अकरा वर्षांत मला यापेक्षा मोठा धाक दिसलेला नाही.

हे सगळं आपलंच आहे, पण ओंजळभर. आणि यातलं बरंचसं पक्क्या कैद्यांसाठी. कच्च्या कैद्याला खुल्या कारागृहात जाता येत नाही, कारण त्याचा खटला संपलेला नाही. निर्दोष मानला गेलेला माणूस बंद बराकीत आणि दोषी ठरलेला शेतात, ही आजची स्थिती आहे.

२०२४च्या नागपूर अधिवेशनात आपण कारागृह आणि सुधारसेवा यांचं नवं विधेयक मंजूर केलंत. १८९४चा इंग्रजांचा तुरुंग कायदा मागे टाकायचं ठरवलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. पण तुरुंगाच्या आतला कायदा कितीही सुधारला, तरी त्याच्या दारात उभी असलेली रांग त्याने कमी होत नाही. रांग ठाण्यात लागते, कोर्टात लागते, तहसीलच्या खिडकीवर लागते. २६ नोव्हेंबर २०२२ला, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात लिहिलेलं भाषण बाजूला ठेवून याच माणसांबद्दल बोलल्या होत्या. देश पुढे जात असेल तर तुरुंग वाढायला कशाला हवेत, ते कमी व्हायला हवेत, असा त्यांचा सवाल होता. त्यानंतर नव्या तुरुंगांच्या घोषणा थांबलेल्या नाहीत.

मी वकील आहे, मागणी केल्याशिवाय अर्ज संपवत नाही. भूमिहीन माणसाला जामीन राहण्यासाठी सातबाऱ्याखेरीज दुसरा मार्ग गृह आणि महसूल खात्याने मिळून काढावा. रोजगार हमीचं जॉबकार्ड, ग्रामपंचायतीचा रहिवासाचा दाखला, बचत गटाची हमी, यांतलं काहीही चालू शकेल. गावाला ओळख पटते, हेच तर जामीनदाराचं काम. परिवीक्षा अधिकाऱ्यांची पदं भरा. त्यांचा अहवाल समोर नसेल तर न्यायाधीश तरी कशाच्या भरवशावर सोडणार? सामुदायिक सेवेची शिक्षा कायद्यात आली, पण ती कुठे करायची, कुणाच्या देखरेखीखाली करायची, याची जिल्हावार व्यवस्था उभी करा, नाहीतर ते कलम पुस्तकातच राहील. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ने, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, याआधी कधी दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटण्याचा हक्क दिला आहे. पण एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर तो हक्क मिळत नाही. म्हणून ठाण्यात न उलगडलेल्या जुन्या चोऱ्या एकाच पोराच्या नावावर टाकण्याचा मोह होतो, त्यावर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडून दर तिमाहीला हिशेब मागा. आणि ज्याचं नुकसान झालं त्याचा मुद्देमाल ठराविक मुदतीत परत द्यायची जबाबदारी कुणा एका अधिकाऱ्यावर टाका.

यातलं काहीच लगेच जमणार नसेल, तर निदान एक करा. पुढच्या अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न द्या. मसुदा मी लिहून देते, हवा तसा बदला:

'राज्यातील प्रत्येक कारागृहात, जामीन मंजूर होऊन तीस दिवस उलटल्यानंतरही जामीनदार अथवा रक्कम न मिळाल्यामुळे बंदिस्त असलेल्या न्यायबंद्यांची कारागृहनिहाय संख्या किती आहे? त्यांपैकी किती जणांची माहिती अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवली आहे? गरीब कैदी साहाय्य योजनेतून त्यांपैकी किती जणांना मदत देण्यात आली आहे, आणि उर्वरितांना न देण्याची कारणे काय आहेत?'

उत्तर जिल्हानिहाय मागा. आपापल्या जिल्ह्याचा आकडा हाती आला की त्या जेलमध्ये जा आणि त्या यादीतली नावं मोठ्याने वाचून घ्या. यादी लांब असेल, वेळ काढून जा.

मुलाची आई गेल्या आठवड्यात पुन्हा कोर्टात दिसली. दुसऱ्या केसची तारीख होती. मला बघून उठली आणि पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला. तिने कुठूनतरी एका माणसाचा सातबारा मिळवला होता, आणि त्यावर बोजा नाही ना एवढं मी बघून द्यावं, असं तिचं म्हणणं होतं. मी उलटून पाहिला. बोजा नव्हता. उतारा मात्र शेजारच्या जिल्ह्यातला होता.

आपली,
विधी सेवा पॅनलवरची एक वकील, मराठवाडा